मोंत्रय-स्यूर-मेर : समुद्र निघून गेलेले गाव

रानवाट
‘स्यूर-मेर’ म्हणजे ‘समुद्रावरचे’. मोंत्रय-स्यूर-मेर या गावात पाऊल ठेवणाऱ्याला मात्र समुद्राचा मागमूसही लागत नाही. उत्तर फ्रान्समधील पा-द-कॅले जिल्ह्यात काँश नावाची एक लहान नदी आहे. तिच्या दलदलीच्या खोऱ्यावर उभ्या असलेल्या पांढऱ्या, मऊ चुनखडकाच्या टेकाडावर हे गाव वसले आहे आणि समुद्र तेथून पश्चिमेला सुमारे १५ किलोमीटर दूर आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास, तरीही प्रशासकीयदृष्ट्या हे उपजिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. पॅरिसला खेटून याच नावाचे एक मोठे उपनगर असल्यामुळे तिकीट काढताना पूर्ण नाव सांगावे लागते, नाहीतर माणूस भलत्याच मोंत्रयला पोहोचतो.

गेल्या काही वर्षांत मी या गावी तीनदा गेले. प्रत्येक वेळी एकच प्रश्न घेऊन परतले, की एवढ्याशा गावाला इतकी प्रचंड तटबंदी कशासाठी? गावाभोवतीचा तट जवळजवळ अखंड असून त्यावरून सुमारे तीन किलोमीटरची प्रदक्षिणा घालता येते. वाटेत जुने वृक्ष, खाली खंदक आणि पलीकडे काँशचे हिरवे खोरे दिसते. हा धागा त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे आणि उत्तर बरेच मागे जाऊन शोधावे लागते.

मोंत्रय हे नाव लॅटिनमधल्या ‘लहान मठ’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. सातव्या शतकात आमियँचे बिशप सँ-सोल्व यांनी येथे मठ स्थापला, अशी परंपरा सांगते. त्या काळी खरे महत्त्व या टेकाडाला नव्हते. ते होते काँशच्याच खोऱ्यात, येथून काही किलोमीटरवर असलेल्या क्वेन्तोविक या बंदराला. इंग्लंडशी चालणारा मोठा व्यापार त्या बंदरातून होत असे आणि तेथे नाणीही पाडली जात. ८४२ मध्ये व्हायकिंगांनी क्वेन्तोविक लुटले. पुढे ते बंदर हळूहळू असे नामशेष झाले, की ते नेमके कोठे होते हेसुद्धा उत्खनन करून ठरवावे लागले. खालच्या उघड्या बंदरापेक्षा वरचे टेकाड सुरक्षित, हे लोकांनी ओळखले आणि नवव्या-दहाव्या शतकांच्या सुमारास टेकाडावर तटबंदीचे गाव उभे राहू लागले.

व्हायकिंगांच्याच भीतीने ब्रिटनीमधील लाँदेवेनेकचे साधू ९१३ मध्ये आपल्या संत ग्वेनोले यांचे अवशेष घेऊन पळाले आणि अखेर येथे येऊन थांबले. अवशेष आले की यात्रेकरू येतात आणि यात्रेकरू आले की बाजार भरतो. गावाची भरभराट बंदराइतकीच या अवशेषांवर झाली, असे माझे मत आहे.

दहाव्या शतकाच्या अखेरीस हे गाव फ्रान्सच्या कापे राजघराण्याच्या ताब्यात आले. तेव्हाच्या फ्रान्सच्या राजाचे राज्य पॅरिस आणि ओर्लेआँच्या भोवती आटलेले होते. नॉर्मंडी एका सरदाराकडे, फ्लँडर्स दुसऱ्याकडे. राजाच्या स्वतःच्या हातात समुद्राकडे उघडणारे एकच दार होते आणि ते दार म्हणजे मोंत्रय. १२०४ मध्ये राजा फिलिप ओग्यूस्तने नॉर्मंडी जिंकेपर्यंत ही स्थिती टिकली. ज्या गावाच्या मुख्य चौकात आज आठवडी बाजाराच्या दिवशी चीज आणि कोबी विकले जातात, ते गाव सुमारे दोनशे वर्षे फ्रान्सच्या राजाचे एकमेव सागरी बंदर होते!

नंतर काँशच्या मुखाशी वाळू आणि गाळ साचत गेला, भरतीचे पाणी टेकाडापर्यंत येईनासे झाले आणि जहाजांचा वावर खालच्या एताप्लकडे सरकला. समुद्र गेला, पण ‘स्यूर-मेर’ राहिले.

समुद्र गेल्यावर सीमा आली. १२९९ मध्ये इंग्लंडचा पहिला एडवर्ड आणि फ्रान्सचा चौथा फिलिप यांच्यातला करार येथेच झाला. १३६० च्या ब्रेतिन्यीच्या तहात पाँत्य परगण्याबरोबर मोंत्रयही इंग्रजांना द्यावे लागले, पण ते फार काळ त्यांच्याकडे राहिले नाही. सोळाव्या शतकात मात्र खरा घाव बसला. शेजारचा आर्त्वा प्रांत तेव्हा पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सकडे होता, म्हणजे शत्रूची हद्द काही तासांच्या चालीवर होती. १५३७ मध्ये सम्राटाच्या फौजेने गाव घेतले आणि उद्ध्वस्त केले. आज दिसणारे बुरूज प्रामुख्याने त्या आपत्तीनंतरचे आहेत. विटांचे आणि पांढऱ्या दगडाचे ते काम तोफांच्या युगाला साजेसे, ठेंगणे आणि जाड आहे. वायव्येकडे मात्र तेराव्या शतकातल्या उंच तटाचे आणि गोल बुरुजांचे अवशेष अजून उभे आहेत. दोन युगांचे स्थापत्य एकाच फेरीत पाहायला मिळते, ते असे.

पाहण्यासारखी ठिकाणे पुढच्या प्रतिसादांत ओघाने येतीलच. किल्ल्यांची जाण असलेल्या सभासदांनी चुका दाखवाव्यात, ही विनंती.

गडकोट_७
रानवाट ताई, लेख आवडला. एक शंका आहे. गावाला पूर्ण तट असताना वायव्य कोपऱ्यात वेगळा बालेकिल्ला कशासाठी बांधला? मी नकाशा पाहिला तेव्हा त्या बालेकिल्ल्याचे काही बुरूज गावाच्याच दिशेला तोंड करून असल्याचे दिसले. आपल्याकडे बालेकिल्ला म्हणजे शेवटचा आसरा असतो. येथे मला हेतू काहीसा वेगळा वाटतो.

रानवाट
आपली शंका बरोबर आहे आणि तिचे उत्तर थोडे बोचरे आहे. या बालेकिल्ल्याचे काम फ्रान्सच्या नवव्या चार्ल्सच्या आज्ञेने १५६७ मध्ये सुरू झाले. जागा निवडली ती फिलिप ओग्यूस्तच्या जुन्या राजवाड्याची, म्हणून आत शिरल्यावर तेराव्या शतकातले गोल बुरूज पुढच्या काळातील तटांमध्ये गुंफलेले दिसतात. नंतर चौथ्या हेन्रीचा अभियंता जाँ एरार याने त्यात फेरफार केले आणि त्यानंतर चौदाव्या लुईचा प्रसिद्ध किल्ले-अभियंता व्होबाँ यानेही सुधारणा केल्या. एरार हा फ्रान्समध्ये बुरूजबंद तटबंदीच्या शास्त्रावर लिहिणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक होता. त्यामुळे व्होबाँच्या नावाखाली त्याचे काम झाकले जाते, याचे मला वाईट वाटते.

अशा बालेकिल्ल्याचा हेतू दुहेरी असे. गाव पडले तर शिबंदीला मागे सरकून लढता यावे, हा एक. गाव फितूर झाले तर त्याच तोफा गावावर रोखता याव्यात, हा दुसरा. फ्रान्समधील कॅथलिक-प्रॉटेस्टंट धर्मयुद्धांचा तो काळ होता आणि नागरिकांवर राजाचा विश्वास होताच असे नाही. म्हणून गाव आणि बालेकिल्ला यांच्यामध्ये मोकळे मैदान राखलेले असते, तोफेच्या माऱ्यात कोणतेही घर आड येऊ नये यासाठी.

गडकोट_७
आभार. आणखी एक विचारतो. १५४४ मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने बुलोन्य बंदर घेतले, हे वाचले होते. मोंत्रय त्याच्या वाटेत नव्हते का?

रानवाट
वाटेत होतेच, आणि इंग्रजांनी ते घेण्याचा प्रयत्नही केला. हेन्री स्वतः बुलोन्यला ठाण मांडून बसला आणि नॉरफोकच्या ड्यूकला त्याने मोंत्रयवर धाडले. येथील बचावाची धुरा मार्शल ऊदार द्यु बिए याच्याकडे होती. नॉरफोककडे पुरेसे मनुष्यबळ आणि रसद नव्हती, त्यामुळे गावाचा वेढा पूर्णपणे आवळणे त्याला कधीच जमले नाही. सप्टेंबरात बुलोन्य पडले, पण त्याच आठवड्यात पाचव्या चार्ल्सने फ्रान्सशी क्रेपीला वेगळा तह केला. इंग्रज एकटे पडले आणि नॉरफोकला वेढा उठवून परतावे लागले. सात वर्षांपूर्वी बेचिराख झालेले गाव या वेळी टिकले.

१६३९ मध्ये फ्रेंचांनी जवळचे एदाँ घेतले आणि १६५९ च्या पिरनीजच्या तहाने आर्त्वाचा बहुतेक भाग फ्रान्सला मिळाला. त्यानंतर सीमा पुढे सरकली आणि मोंत्रय दुसऱ्या फळीत गेले. व्होबाँने आपले मोठे नवे किल्ले ईशान्येकडच्या नव्या सीमेवर उभारले, येथे फक्त डागडुजी केली. येथे नवे काही बांधले गेले नाही, म्हणूनच जुने शिल्लक राहिले. लिल किंवा कॅलेमध्ये जुन्या थरांवर नवे थर चढत गेले. येथे काळ जणू १६५९ च्या आसपासच थांबला.

जुनी_वही
धाग्यात राणी बर्थचा उल्लेख अजून आला नाही, याचे आश्चर्य वाटते. मी आठ वर्षांपूर्वी तेथे गेले होते तेव्हा वाटाड्याने बालेकिल्ल्यातला एक बुरूज दाखवून सांगितले होते, की राजाने टाकून दिलेली राणी याच बुरुजात कैद होती. ती कथा ऐकून मी बराच वेळ तेथे बसून राहिले होते.

रानवाट
जुनी_वही ताई, राणी खरी आहे, पण तो बुरूज तिचा असणे शक्य नाही. हॉलंडची बर्थ ही फ्रान्सच्या पहिल्या फिलिपची पत्नी आणि सहाव्या लुईची आई. १०९२ मध्ये राजाने तिला सोडले आणि आंजूच्या काउंटच्या पत्नीशी, बर्त्राद द मोंफोर हिच्याशी, लग्न लावले. त्यामुळे पोपने राजाला बहिष्कृतही केले. बर्थला मोंत्रयला पाठवण्यात आले आणि साधारण वर्षभरातच ती वारली. ज्याला आज ‘बर्थचा बुरूज’ म्हणतात, तो तेराव्या शतकातला, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभरहून अधिक वर्षांनी बांधलेला आहे. मूळ राजवाड्याच्या दरवाजाचाच तो भाग होता.

मात्र आपण ज्या जागेवर बसलात ती जागा चुकीची नव्हती. जुना राजवाडा त्याच कोपऱ्यात होता, तेव्हा राणी त्या आवारात कोठेतरी राहिली असणार. ती स्थूल झाली म्हणून राजाने तिला टाकले, असे नंतरच्या एका इंग्रज इतिहासकाराने लिहिले आहे. त्या काळच्या साधूंनी लिहिलेल्या बखरींत स्त्रियांबद्दल जे छापील ठशाचे शेरे असतात, त्यांपैकीच हा एक असावा, अशी माझी शंका आहे.

पिंपळपान
ज्या कारणासाठी बहुतेक लोक या गावी जातात ते कारण कोणीच काढले नाही, म्हणून मीच काढतो. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’ या कादंबरीचा नायक जाँ वालजाँ तुरुंगातून सुटल्यावर माद्लेन हे नाव घेऊन ज्या गावात कारखानदार आणि पुढे महापौर होतो, ते गाव हेच. १८६२ च्या मूळ आवृत्तीत ह्यूगोने पूर्ण नाव न देता फक्त आद्याक्षरे छापली होती, पण वाचकांना ते ओळखायला वेळ लागला नाही. फाँतीन याच गावची. ती काम शोधत परत येते ती येथेच, आणि तिचा शेवटही येथेच होतो. इन्स्पेक्टर जावेरची नेमणूकही याच गावी.

ह्यूगो स्वतः येथे १८३७ मध्ये आला होता, बेल्जियमच्या प्रवासातून परतताना, तोही थोड्याच वेळासाठी. हे कादंबरीत स्पष्ट जाणवते. पॅरिसमधली गटारे आणि गल्ल्या तो अगदी विटेविटेने रंगवतो. मोंत्रयमध्ये मात्र गल्लीचे नाव क्वचितच येते. तट, बालेकिल्ला, चर्च यांपैकी कशाचाही कथेत खरा उपयोग नाही. मला वाटते, त्याला गावाचे चित्र रंगवायचेच नव्हते. मुख्य रस्त्यांपासून जरा बाजूला असलेले, सगळे सगळ्यांना ओळखतात आणि तरीही एक अनोळखी माणूस नवे आयुष्य सुरू करू शकतो, असे गाव त्याला हवे होते.

उलट, गावाबाहेरचा रस्ता त्याने नेमका लिहिला आहे. आपल्याऐवजी दुसऱ्याच माणसाला शिक्षा होणार हे कळल्यावर माद्लेन आरासच्या न्यायालयात जायला निघतो. अंधारात टपालाच्या गाडीची धडक बसते आणि त्याच्या भाड्याच्या गाडीचे चाक दुखावते. ते एदाँला पोहोचल्यावर लक्षात येते. दुरुस्तीला पूर्ण दिवस लागणार, म्हणजे परत फिरायला सबब मिळाली, असे वाटून त्याला क्षणभर सुटल्यासारखे होते. मग एक म्हातारी मोडकी गाडी भाड्याने द्यायला येते आणि सबब संपते. पुढे सँ-पोल, तँक, दुरुस्तीसाठी खणलेला रस्ता, आणि रात्री आरास. आजही मोंत्रयहून आरासला मोटारीने जाताना ही गावे याच क्रमाने लागतात आणि अंतर सुमारे ८० किलोमीटर भरते. मी तो प्रवास मुद्दाम केला. एदाँच्या चौकात उतरून कॉफी घेतली. परत फिरण्याचा मोह काय असतो, हे त्या पानांइतके मला दुसऱ्या कशानेही शिकवले नाही.

जुनी_वही
पिंपळपान, आपण फार नेमके लिहिले आहे. कादंबरीतला काळ्या मण्यांचा धंदा मोंत्रयमध्ये खरोखर होता का?

पिंपळपान
नव्हता. तो धंदा ह्यूगोने गावाला बहाल केलेला आहे. मात्र त्यातला तपशील आपल्यासाठी मजेदार आहे. ‘जेट’ हा काळा, चकाकणारा, कोळशासारखा पदार्थ तेव्हा सुतकातल्या दागिन्यांसाठी वापरत. काच आणि राळ वापरून त्याची स्वस्त नक्कल करत. माद्लेन श्रीमंत होतो तो दोन साध्या सुधारणांमुळे. बांगडीची कडी झाळून न जोडता नुसती दाबून बसवायची, ही एक. आणि राळेऐवजी चपडा लाख वापरायची, ही दुसरी. आणि चपडा लाख त्या काळी युरोपात प्रामुख्याने हिंदुस्थानातूनच जात असे. आपल्याकडच्या पळस आणि बोरीच्या झाडांवरच्या किड्यांनी जाँ वालजाँला महापौर केले, असे म्हणायला हरकत नाही.

रानवाट
पिंपळपान, ही लाखेची गोष्ट मला ठाऊक नव्हती. आपल्या प्रतिसादाला जोडून गावाच्या बाजूने दोन गोष्टी सांगते. चर्चच्या बाजूने खाली उतरणारी कावे सँ-फिर्माँ नावाची एक दगडी फरसबंद, तीव्र उताराची गल्ली आहे. चिखलात रुतलेल्या गाडीखाली सापडलेल्या म्हाताऱ्या फोशलव्हाँला माद्लेन खांद्याने गाडी उचलून वाचवतो, त्या प्रसंगाची कल्पना ह्यूगोला याच उतारावर सुचली, असे गावातले लोक सांगतात. कादंबरीवरच्या १९२५ च्या मूकपटासाठी येथे चित्रीकरणही झाले. दुसरी गोष्ट म्हणजे गेली बरीच वर्षे दर उन्हाळ्यात बालेकिल्ल्याच्या आवारात रात्री या कथेचा ध्वनिप्रकाश प्रयोग होतो. त्यात शेकडो गावकरी कोणतेही मानधन न घेता काम करतात. बेकरीवाला पोलीस होतो, शाळेतली मुले रस्त्यावरची पोरे होतात. दोन हजार वस्तीच्या गावात हा आकडा म्हणजे जवळजवळ घरटी एक नट. प्रयोग फ्रेंचमध्ये असतो, पण कथा माहीत असल्यावर भाषेची अडचण येत नाही.

आणि कादंबरी बाजूला ठेवून सांगायचे, तर क्लाप-आँ-बा ही गल्ली आवर्जून पाहावी. चुन्याने रंगवलेली बसकी घरे, शेवाळलेली कौले आणि मध्ये वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी ठेवलेली चर. पूर्वी येथे विणकर आणि कारागीर राहत. तट राजाचा, ही गल्ली गावाची.

दर्यावर्दी_९
मी नौदलातून निवृत्त झालो आहे, म्हणून माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे गेले. मुख्य चौकातला घोड्यावरचा पुतळा पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश सेनापती डग्लस हेग याचा आहे. फ्रान्समधल्या एका खेड्यावजा गावाने ब्रिटिश माणसाचा पुतळा चौकात का उभारावा, हे कोणी सांगेल का?

रानवाट
३१ मार्च १९१६ पासून १९१९ च्या वसंतापर्यंत ब्रिटिश सैन्याचे फ्रान्समधले मुख्यालय मोंत्रयमध्ये होते. त्याआधी ते सँ-ओमेरला होते. सुमारे २० लाख सैनिकांच्या फौजेचा कारभार या तटबंदीच्या आतून चालत असे. रसद, दारूगोळा, नकाशे, रेल्वे, टपाल, जनावरांचे वैद्यक, सगळ्यांच्या शाखा येथे होत्या.

हेच गाव निवडण्याची कारणे साधी होती. येथे मोठे कारखाने किंवा मोठे रेल्वे जंक्शन नव्हते, म्हणून ब्रिटिशांच्या ये-जा करणाऱ्या गाड्यांना अडथळा नव्हता. बुलोन्य आणि कॅले जवळ असल्यामुळे लंडनशी संपर्क सोपा होता. लष्करी शाळेची मोठी इमारत तयार होती. आणि जुन्या तटाला मोजकीच दारे असल्यामुळे कोण आत येते आणि कोण बाहेर जाते, यावर पहारा ठेवणे सोपे होते. बालेकिल्ल्याच्या जमिनीखालच्या तळघरांत तार आणि टेलिफोनचे केंद्र बसवण्यात आले होते. ती तळघरे आज पाहायला मिळतात. १५३७ च्या आपत्तीतून जन्मलेल्या किल्ल्याचा पुढचा खरा उपयोग असा साडेतीनशे वर्षांहून अधिक काळाने, तोही इंग्रजांनी केला!

हेग स्वतः गावात राहत नसे. तो काही किलोमीटरवरच्या बोरपेर नावाच्या वाड्यात राहत असे आणि त्याच्या घोड्यावरच्या फेऱ्या गावकऱ्यांच्या परिचयाच्या होत्या. म्हणूनच पुतळा घोड्यावरचा आहे. तो पॉल लाँदोव्स्की या शिल्पकाराने घडवला असून त्याचे अनावरण जून १९३१ मध्ये झाले. रिओ द जानेरोच्या डोंगरावरचा प्रसिद्ध ख्रिस्त हे याच शिल्पकाराचे काम आणि तो पुतळाही त्याच वर्षीचा. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्याच्या काळात, मोंत्रयचा पुतळा नाहीसा झाला. आज दिसतो तो युद्धानंतर पुन्हा ओतून बसवलेला आहे.

दर्यावर्दी_९
माहितीबद्दल आभार. सोम आणि पाशांदालच्या लढायांत लाखो माणसे गेली, त्यांचे आदेश येथून सुटले. पुतळा पाहताना हा विचार मनातून जात नाही. त्या काळात हिंदी सैनिकांचा या मुख्यालयाशी काही संबंध आला होता का?

गडकोट_७
याचे उत्तर मी देतो, कारण हा विषय माझ्या वाचनातला आहे. हिंदी पायदळाच्या दोन्ही तुकड्या १९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्सला आल्या आणि १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे रवाना झाल्या, म्हणजे मुख्यालय मोंत्रयला येण्यापूर्वीच. मुंबई इलाख्याच्या, खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, २० आणि २१ क्रमांकांच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव-शापेलच्या हल्ल्यात जी हानी सोसली ती सँ-ओमेरच्या काळातली.

हिंदी घोडदळ मात्र १९१८ च्या सुरुवातीपर्यंत फ्रान्समध्ये राहिले आणि त्यात पूना हॉर्स ही पलटण होती. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे या पलटणीला मिळणारे सर्वांत वरचे आदेश मोंत्रयच्या तटाआडूनच येत होते. घोडदळाला खंदकांची फळी फोडून पुढे जाण्याची संधी मिळेल, ही हेगची आशा शेवटपर्यंत कायम होती. तो स्वतः घोडदळातला होता. ती संधी तशी कधी आलीच नाही आणि ही घोडेस्वार मंडळी बराच काळ पायउतार होऊन खंदकांतच लढली. चौकातल्या त्या घोड्याकडे पाहताना मला हे आठवते.

रानवाट
गडकोट, ही बाजू धाग्यात यायलाच हवी होती. याला जोडून एक ठिकाण सुचवते. मोंत्रयहून काँशच्या कडेने समुद्राकडे गेले, की एताप्ल लागते. महायुद्धात तेथे ब्रिटिशांचा प्रचंड तळ आणि अनेक रुग्णालये होती. आज तेथे सुमारे साडेअकरा हजार सैनिकांचे युद्धस्मशान आहे आणि राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या फ्रान्समधील स्मशानांत ते सर्वांत मोठे आहे. आराखडा एडविन लटयेन्स यांचा, म्हणजे ज्यांनी त्याच काळात नवी दिल्लीचे आजचे राष्ट्रपती भवन रचले तेच. पाइनच्या झाडांतून खाली उतरत जाणाऱ्या पांढऱ्या दगडांच्या रांगा आणि पलीकडे खाडीचे मोकळे मुख पाहून माणूस आपोआप आवाज खाली घेतो.

जुनी_वही
चर्चबद्दल कोणीच लिहिले नाही. सँ-सोल्वच्या आत गेल्यावर मला काहीतरी अर्धवट असल्यासारखे वाटले होते. दारातून पाहिले की इमारत अचानक संपते.

रानवाट
आपल्याला जे वाटले ते बरोबर आहे. मठाचे हे चर्च मूळचे बरेच लांब होते. बाराव्या-तेराव्या शतकांत बांधलेल्या या इमारतीवर पुढे अनेक आपत्ती आल्या, त्यांत १५३७ ची लूटही होती. तिच्या पूर्वेकडचा भाग, म्हणजे वेदीच्या बाजूचा मोठा विस्तार, पुन्हा उभा राहिलाच नाही. आज भिंत जेथे येते तेथे मूळ चर्चचा मध्यभाग होता. म्हणून रुंदी आणि उंची मोठ्या मठाची, आणि लांबी खेड्यातल्या चर्चची. त्याच्या संग्रहातली एक वस्तू चुकवू नये, ती म्हणजे सातव्या शतकातल्या संत ओस्त्रबर्त यांची म्हणून जपलेली दंडकाठी. समोरच जुन्या धर्मार्थ रुग्णालयाचे सँ-निकोला हे प्रार्थनागृह आहे. त्याच्या दर्शनी भागावरची ज्वाळांसारखी वळलेली दगडी जाळी पंधराव्या शतकातल्या शैलीची, पण आजची इमारत एकोणिसाव्या शतकात जवळजवळ नव्याने बांधली गेली आहे. जुने कोणते आणि नवे कोणते, हे दगडाचा रंग पाहून ओळखण्याचा प्रयत्न करावा. मला तो नीटसा जमला नाही.

पिंपळपान
जायचे कसे, हेही लिहा. दिवाळीनंतर पुन्हा जाण्याचा विचार आहे, या वेळी सोबत आईही असेल.

रानवाट
एताप्लहून सँ-पोल आणि आरासकडे जाणाऱ्या लहान रेल्वेमार्गावर मोंत्रयचे स्थानक आहे. ते टेकाडाच्या पायथ्याशी, काँशच्या बाजूला आहे आणि तेथून गावात चढून जावे लागते. चढ लहान असला तरी दगडी फरसबंद उभा आहे. आई सोबत असतील तर मोटार घ्यावी आणि ती मुख्य चौकात ठेवावी. नोव्हेंबरात लवकर अंधारते आणि तटावर दिवे नाहीत, म्हणून फेरी दुपारीच करावी. फेरी बालेकिल्ल्यापासून सुरू करून डाव्या हाताने घातलीत, तर खोरे शेवटपर्यंत आपल्या उजवीकडे राहील आणि जुन्या काळी जिथवर भरतीचे पाणी येत असे ती सपाट, ओली कुरणे वरून नीट दिसतील.